राजारामच्या एकांकिकेतला बाप्पा

मागच्या आठवड्यात आमच्या मंडळाची नाटकं बसवणाऱ्या नीनाचा मेसेज आला. "शैला, स्मरणिकेसाठी राजारामवर दीडशे शब्द दे ना. हलकंफुलकं लिही. हसतमुख, हरहुन्नरी, मदतीला धावणारा वगैरे. फोटो मी टाकते, तो ट्रे हातात घेतलेला."

ट्रे हातात घेतलेला. सव्वीस वर्षं हा माणूस आमच्या मंडळाच्या नाटकांत काम करतोय, अमेरिकन टीव्हीवर दिसलाय, स्वतः एकांकिका लिहिलीय, आणि मंडळाला त्याचा फोटो सापडतो तो ट्रे हातात घेतलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीडशे शब्द म्हणे. मी लिहीन ते लिहीन, छापायचं तर छापा, नाहीतर केराच्या टोपलीत टाका. माझं वय सदुसष्ट आहे, मला आता कुणाच्या कमिटीवर जायचं नाही.

मी मंडळाची प्रॉम्प्टर. इथे टेक्सासात, शुगर लँडला येऊन एकतीस वर्षं झाली, त्यातली अठ्ठावीस विंगेत गेली. प्रॉम्प्टर म्हणजे पडद्याआड खुर्चीवर बसायचं, मांडीवर संहिता, हातात टॉर्च, आणि नट अडकला की त्याला दबक्या आवाजात पुढचा शब्द द्यायचा. टाळ्या त्याला, घाम आपल्याला. मी कधी तक्रार केली नाही, कारण रंगमंचाच्या कडेने माणूस जसा दिसतो तसा समोरून दिसत नाही. कोण पाठ करून आलंय, कोण मेकअप करून आलंय, सगळं कळतं.

राजाराम गोंडाणे पहिल्यांदा आला तो नव्व्याण्णव साली. कम्युनिटी सेंटरच्या खोलीत आमची निवड चालली होती. छत्तीस वर्षांचा, सावळा, उंच, तेल कंपनीत सेफ्टी इंजिनिअर. हातात बॅरिस्टरच्या भूमिकेचा कागद दिला, आणि त्यानं पहिलं वाक्य वाचलं तेव्हा खोलीतले सगळे बोलायचे थांबले. असला आवाज आमच्या मंडळात तोवर आला नव्हता. वाचून झालं तसा नीनानं विचारलं, "गोंडाणे म्हणजे कुठले?" तो म्हणाला, "नागपूरचे." ती म्हणाली, "हो, पण म्हणजे मूळचे?" तो म्हणाला, "मूळचे बी नागपूरचेच." विचारणाऱ्याला काय विचारायचं होतं ते त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. सात समुद्र ओलांडले, ग्रीन कार्ड घेतलं, नागरिकत्वाची शपथ घेतली, पण आडनावाचा पंचनामा काही सुटत नाही आमच्याकडून.

तो बाहेर गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "आवाज खणखणीत आहे, पण 'ण' नाही हो. 'आनि', 'पानी' म्हणतोय. बॅरिस्टर कसा शोभेल?"

ते 'कुणीतरी' मी होते. उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? पुण्यात वाढलेल्या माझ्यासारखीला वाटतं की 'ण' आपल्याच परसात उगवतो. नीनानं यादीत राजारामच्या नावापुढे 'गडी' लिहिलं, बॅरिस्टर श्रीरामला दिला, आणि तो कागद त्या दिवसापासून बदललाच नाही. श्रीराम म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. एकसष्टाव्या वर्षीही केस रंगवून नायक. पाठांतराच्या नावानं शंख, प्रत्येक अंकात चार वेळा विंगेकडे बघतो. पण 'ण' मात्र स्वच्छ.

चौदा नाटकांत राजारामनं अकरा वेळा गडी केला, दोनदा हवालदार, एकदा भिकारी. पण काय केला. एक गडी त्यानं ऐकायला कमी येणारा केला. तो मालकाच्या ओठांकडे बघत उभा राहायचा. एक गुडघेदुखीचा. एक असा, की पाहुण्यांना चहा देताना मनातल्या मनात कप मोजायचा आणि शेवटचा कप आपल्यासाठी उरत नाही हे बघून ट्रे काखोटीला मारून आत जायचा. संहितेत यातलं काही नव्हतं. संहितेत होतं, 'गडी चहा आणतो'. मी विंगेतून बघायची आणि अंगावर काटा यायचा. आणि समोर तीनशे लोक खो खो हसायचे, कारण तो 'जी मालक, आनतो' म्हणाला. कलेला हसले असते तर मी काही बोलले नसते. ते त्याच्या बोलीला हसत होते. मध्यंतरात समोसा खाताना लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय नॅचरल करतोस यार, अगदी खराखुरा वाटतोस." गाढवाला गुळाची चव काय!

मी एकदा त्याला विचारलं, "तू सोडत का नाहीस रे?" तो म्हणाला, "शैलाताई, मिळाली ती ओळ चोख करावं. मोठी ओळ मिळाली नाही म्हनून छोटी खराब कायले करू?" मला तेव्हा हे फार मोठं वाटलं होतं. आता वाटतं, असल्या मोठेपणावरच आमच्यासारखे लोक पोसले जातात.

दोन हजार सोळात तेलाचे भाव पडले आणि त्याची नोकरी गेली. त्रेपन्नाव्या वर्षी. बायको सीमा हॉस्पिटलात नर्स, मुलगी हर्षिता तेव्हा कॉलेजात. दुसरा कुणी असता तर लिंक्डइनवर डोकं आपटत बसला असता. यानं अर्ज पाठवता पाठवता ह्यूस्टनच्या एका अ‍ॅक्टिंग क्लासमध्ये नाव घातलं. वर्गातले सगळे वीस-बावीसचे. वर्षभरात एजंट मिळाली, आणि मग सुरू झाले त्याचे सेल्फ-टेप. म्हणजे ऑडिशनला कुठे जायचं नाही, घरीच भिंतीला निळी चादर लावून फोनवर रेकॉर्डिंग करून पाठवायचं. समोरच्या पात्राचे संवाद कुणीतरी वाचायला लागतं. सीमाच्या ड्यूट्या, म्हणून वाचायची मी. टेक्सासचा शेरीफ, त्याची रडकी बायको, एफबीआयचा ऑफिसर, सगळं माझ्या पुणेरी इंग्रजीत. "डोन्ट मूव्ह, सर" असं मी म्हटलं की त्याला हसू आवरायचं नाही, आणि परत पहिल्यापासून.

आठ-नऊ वर्षांत त्याला कामं मिळाली तेवीस. मी मोजलीत. चारदा मोटेलचा मालक, दोनदा टॅक्सीवाला, बाकी असलंच किरकोळ, आणि सहा वेळा डॉक्टर. हा डॉक्टर दारातून बाहेर येतो, मास्क काढतो आणि सांगतो की आम्ही शक्य ते सगळं केलं. मग कॅमेरा रडणाऱ्या गोऱ्या बाईवर जातो आणि डॉक्टरचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. राजाराम मात्र विचारायचा. सेटवर जाऊन विचारायचा, हा डॉक्टर आज कितव्यांदा ही बातमी सांगतोय? डिरेक्टर म्हणायचा, ग्रेट क्वेश्चन, आणि पुढे निघून जायचा.

आणि अ‍ॅक्सेंट. मला हे सांगताना आजही संताप येतो. हा सदतीस वर्षं अमेरिकेत, हजार-हजार लोकांना सेफ्टीचं ट्रेनिंग दिलेला माणूस. त्याचं इंग्रजी ऐकून डिरेक्टर म्हणाला, "कॅन वुई हॅव अ लिटल मोअर अ‍ॅक्सेंट?" घरी येऊन मला सांगत होता, "मी विचारलं त्याले, कोठचा अ‍ॅक्सेंट पाहिजे बाप्पा? तमिळ, पंजाबी का नागपुरी? तो म्हने, जस्ट इंडियन." तिथे सांगतात वाढव, मंडळात सांगतात कमी कर. माणसानं जीभ ठेवायची तरी कुठे?

त्यातलं एकच काम असं होतं ज्यात त्याला मनासारखं करता आलं. गॅस स्टेशनच्या दुकानदाराचं. दरोडा पडतो, गोळी लागते, दुकानदार काउंटरमागे कोसळतो. संवाद नव्हताच. राजारामनं पडल्यावर, डोळे मिटायच्या आधी, आपल्या मनानं एक शब्द म्हटला. "पानी." डिरेक्टरला आवडला, त्यानं ठेवला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी बघितलं. खाली सबटायटल आलं, 'परकीय भाषेत बोलतो'. ते एक असो, त्यांना काय कळणार. पण आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन मिनिटांत नीनाचा मेसेज आला. "अभिनंदन राजाराम!! फक्त एक सुचवते, 'पाणी' म्हणायला हवं होतं. जग बघतंय." खाली सतरा अंगठे.

माणूस गोळी लागून मरतोय आणि या बाईला 'ण' हवाय. मी मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये त्याचे वडील गेले. कोविडची दुसरी लाट, याला जाता आलं नाही, अंत्ययात्रा फोनवर बघितली. वडील वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर चढून तारा जोडायच्या, वादळ झालं की आधी दुसऱ्यांच्या वस्तीतले दिवे लावायचे, मग आपल्या. छप्पन सालच्या दीक्षेच्या दिवशी सतरा वर्षांचा हा पोरगा नागपूरच्या मैदानावर उभा होता, बाबासाहेबांच्या मागून बावीस प्रतिज्ञा म्हणत. त्या प्रतिज्ञा त्यांनी म्हटल्या तशा पाळल्या. घरात मूर्ती नाही, नवस नाही, मुहूर्त नाही. राजारामला अमेरिकेला जायला मंगळवार आला तेव्हा शेजारीण म्हणाली उद्या जा, तर वडील म्हणाले, विमान कोणाचा वार पाहत नाही.

हर्षिता इथेच जन्मली. आता शिकागोला वकील आहे, आमच्याशी इंग्रजीत बोलते. पण तिला मराठी येतं, आणि ते सगळं आजोबांकडून आलेलं. दर रविवारी फोनवर अर्धा तास आजोबा. त्यामुळे ही अमेरिकन पोरगी 'मला' म्हणत नाही, 'मले' म्हणते. आजोबा गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, "डॅड, आय कान्ट हिअर हिम एनीमोअर. मले त्यांचा आवाज विसराले होऊन राह्यलं." त्याच आठवड्यात राजारामनं लिहायला घेतलं.

तीन वर्षं लिहीत होता. चाळीस मिनिटांची एकांकिका, 'लाइनमन'. मुलगा अमेरिकेला निघालाय तो एक दिवस. वडील, आई, मुलगा, आणि तिकीट पक्कं झाल्याची तार घेऊन येणारा तारवाला. मी टाइप केली, कारण त्याला मराठी टायपिंग जमत नाही. शेवटी वडील मुलाला म्हणतात, "जाय बाप्पा. मांगं पाहू नको. इथचा लाइट मी पाह्यतो. तू फक्त टायमावर पानी पेत जाय." टाइप करताना माझा हात थांबला. मी म्हटलं, "राजाराम, हे 'बाप्पा' ठिकठिकाणी आहे रे. म्हणजे काय नक्की?" तो म्हणाला, "बाप्पा म्हंजे समोरचा मानूस. मी तुमच्याशी बोलून राह्यलो तर तुम्ही बाप्पा. बाबा सगळ्यायलेच म्हनत. साहेबाले बी, रिक्षावाल्याले बी, मले बी." मला सगळं समजावून सांगितलं होतं त्यानं. हे ध्यानात ठेवा.

टेक्सासातल्या मंडळांची एकांकिका स्पर्धा या वर्षी डॅलसला होती. आमच्याकडे नवीन संहिता दुसरी नव्हती, म्हणून कमिटीनं 'लाइनमन' घेतली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज सरायच्या आधीच वैद्याचा गळा दाबला. राजारामला वडिलांची भूमिका करायची होती. त्यानं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून मागितली. नीना म्हणाली, "अरे, पण स्पर्धा आहे. श्रीरामला स्टेज प्रेझेन्स आहे. तू तारवाला कर ना, छोटा पण महत्त्वाचा रोल आहे." नाटककाराला त्याच्याच नाटकात काम मिळालं ते दारात येऊन 'तार आहे' म्हणायचं. आणि हा म्हणाला, बरं. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

मग संहिता नीनाकडे 'थोडं पॉलिश' करायला गेली. नीना रविवारी मुलांना मराठी शिकवते, लाल पेन कायम पर्समध्ये. परत आली तेव्हा पान न् पान लाल. 'मले' चं 'मला', 'कायले' चं 'कशाला', 'करून राह्यलो' चं 'करतो आहे'. प्रेक्षकांना कळायला हवं म्हणे. ज्या प्रेक्षकांना गड्याची बोली सव्वीस वर्षं हसण्याइतकी कळत होती, त्यांना ती वडिलांच्या तोंडी कळणार नव्हती. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो अशी सूचना होती, तीवर काट मारलेली. शेजारी लिहिलं होतं, 'नको, उगाच काँट्रोव्हर्सी'.

'बाप्पा' मात्र एकही खोडला नव्हता. सतराच्या सतरा जागी तसाच. मला वाटलं, चला, एवढं तरी राहिलं.

शनिवारी श्रीरामच्या घरी, वरच्या मीडिया रूममध्ये, कपड्यांसकट तालीम होती. मी नीनाबरोबर गेले. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी हायवेवर गाडी चालवत नाही. देऊळ, डॉक्टर, तालीम, सगळीकडे नीनाच नेते-आणते. आत गेले आणि बघते तर सेटच्या मधोमध स्टुलावर गणपती. हात-सव्वा हाताची मूर्ती, जास्वंदीचा प्लास्टिकचा हार, समोर बॅटरीचं निरांजन. श्रीराम वडिलांच्या वेशात उभा होता, कपाळाला गंध.

तालीम सुरू झाली. पहिला 'बाप्पा' आला तसा श्रीरामनं संवाद तोडला, मूर्तीकडे वळला आणि हात जोडले. मुलाच्या कामातल्या प्रसन्नला वाटलं आपणही जोडावेत, त्यानंही जोडले. आईच्या कामातल्या चारुतानं पदर डोक्यावर घेतला. सतरा वेळा हे असं. शेवटचं वाक्य नीनानं नव्यानं बसवलं होतं. "जा बाळा. बाप्पा तुझं रक्षण करो."

राजाराम खाकी शर्टात दाराशी उभा होता. तो पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ही मूर्ती काढा."

नीना म्हणाली, "अरे, तूच तर लिहिलंयस, बाप्पा, बाप्पा. म्हणून मुद्दाम आणला. किती घरगुती वाटतंय बघ."

"तो बाप्पा हा नाही. आमच्याकडे बाप्पा म्हंजे समोरचा मानूस. माझ्या बापानं जन्मात कधी मूर्तीपुढे हात जोडले नाही."

श्रीराम हसला. "समोरच्या माणसाला कोण बाप्पा म्हणतं यार? आणि हे बघ, कलेला जात नसते. आम्ही काही मानत नाही असलं."

असलं मानत नाही म्हणे. मानत नसता तर भिंतीवरचे फोटो का काढलेत, दात कोरायला? एवढं वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात नीना माझ्याकडे वळली. "शैला, तू टाइप केलीस ना संहिता? तू सांग, बाप्पा म्हणजे काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. राजारामही. त्याला वाटलं होतं, आता प्रश्न मिटला, कारण मला ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "मला बाई काही कळत नाही त्यातलं. थांबा, चहा टाकते." आणि खाली किचनमध्ये गेले.

वर मतं घेतली गेली. मूर्ती राहिली. घरी येताना नीना गाडीत म्हणाली, "बरं झालं तू मध्ये पडली नाहीस, उगाच वाद वाढला असता."

संध्याकाळी मी त्याला फोन केला. म्हटलं, "काढून घे संहिता. दे फेकून त्यांच्या तोंडावर." तो म्हणाला, "हर्षिताचं तिकीट झालं आहे, ताई. ती आजोबाले ऐकाले येऊन राह्यली. तेवढ्या पानांत कोठंतरी तर असतील ना ते." मी फोन ठेवला आणि ठरवलं, आता मी बघते. श्रीराम अडकतो, अडकणार, शेवटच्या भाषणात तर नक्की अडकणार. त्या वेळी विंगेतून शब्द माझा जाईल. डॅलसला जाताना मी पर्समध्ये नीनाची लाल संहिता घेतली, आणि तिच्याखाली राजारामची.

प्रयोगाला सहाशे लोक होते. हर्षिता तिसऱ्या रांगेत, सीमाच्या शेजारी. मी डावीकडच्या विंगेत, समोरच्या विंगेत राजाराम. त्याची एंट्री झाली, 'तार आहे' म्हणून तो परत जाऊन उभा राहिला. त्या दोन शब्दांत त्यानं अशी काही गंमत केली, तार देताना क्षणभर हातातून सोडलीच नाही, की मागच्या रांगेपर्यंत शांतता पसरली. मग श्रीराम सुटला. हात जोड, मान डोलाव, हात जोड. लोक मूर्तीकडे बघत होते.

शेवटचं भाषण आलं. प्रसन्न बॅग उचलून उभा. श्रीराम त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जा..." आणि थांबला. विंगेकडे बघितलं. माझी वेळ आली होती. मांडीवर राजारामचं पान उघडंच होतं. मी म्हटलं, "जाय बाप्पा. मांगं पाहू नको."

श्रीरामच्या डोळ्यांत काहीच उमटलं नाही. त्यानं हे वाक्य कधी ऐकलेलंच नव्हतं. मी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. तो माझ्याकडे बघत राहिला. चार सेकंद, पाच, सहा. मागून कुणीतरी हसलं, मग दुसरं. मी तिसऱ्यांदा म्हणाले, "इथचा लाइट मी पाह्यतो." बोल रे मेल्या, बोल एकदाचं. श्रीरामचं तोंड उघडं, कपाळावरचं गंध घामानं नाकापर्यंत आलेलं.

तेवढ्यात समोरच्या विंगेतून शब्द आला. स्वच्छ, शांत, नेमका नटापुरता. "जा बाळा. बाप्पा तुझं रक्षण करो."

श्रीरामनं तो झेलला, मूर्तीकडे वळला, हात जोडले, आणि म्हणाला. पडदा पडला. टाळ्या पडल्या. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं आणि नीनानं ढाल घेऊन भाषण केलं.

हर्षिता स्टेजमागे आली. तिनं वडिलांना मिठी मारली, आणि त्यांच्या खांद्यावरूनच विचारलं, "व्हेअर वॉज आजोबा, डॅड?" राजाराम म्हणाला, "नेक्स्ट टाइम, बेटा." ती गाडी काढायला गेली.

मग मी त्याच्यापाशी गेले. माझा आवाज चढलेला होता, मला आवरत नव्हतं. म्हटलं, "तू का दिलास तो शब्द? मी देत होते ना तुझा. तुझ्या बापाचा. बसू द्यायचं होतं त्याला तसाच. फजिती होऊ दे, सगळ्यांची होऊ दे."

तो खाकी शर्टाची बटणं काढत होता. सव्वीस वर्षांत मी त्याला रागावलेला पाहिला नव्हता. त्यानं आवाज चढवला नाही, पण माझ्याकडे बघत म्हणाला, "अडकलेल्या नटाले जे पाठ नाही ते द्यायचं नसते, शैलाताई. त्याचा काय दोष, त्याले जे दिलं ते तो बोलला. तुम्हाले माझ्या बापाचं बोलायचं होतं, तर त्या शनिवारी बोलायचं. तुम्हाले विचारलं होतं तेव्हा. आनि तुम्ही चहा टाकाले उठल्या."

उठले होते. नऊ कप केला, आलं घालून. त्याचा कप मीच वर नेऊन त्याच्या हातात दिला, आणि तो म्हणाला होता, "थँक्यू, शैलाताई."